कवळीवाला प्राइडला जातो

मी कवळ्या करतो. डॉक्टर माप घेतात, मी दात बसवतो. आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू माझ्या हातचं आहे, आणि ही बढाई नाही. गाव लहान आहे आणि हे काम करणारा तिथे दुसरा कोणी नाही. मला नावाने कोणी हाक मारत नाही, कवळीवाला म्हणतात. वय एकोणपन्नास, लग्न नाही, दादा-वहिनींच्या घरात वरच्या खोलीत राहतो. लग्न का नाही, याचं उत्तर गावाने माझ्या वतीने शोधून ठेवलंय: दिवसभर दुसऱ्यांचे दात कुरवाळणाऱ्याला कोण मुलगी देणार? उत्तर सोयीचं आहे, म्हणून मीही ते कधी खोडून काढलं नाही.

खरं उत्तर शहरात राहतं, चौथ्या मजल्यावर. ते लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतं आणि स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही म्हणून रोज जिने चढतं. नाव सांगत नाही. आमचे हे, एवढं पुरे. अकरा वर्षं झाली. दर महिन्याला मी 'माल आणायला' शहरात जातो. मी आणतो म्हणून सांगितलेली कवळ्यांची पावडर खरोखर आणली असती, तर एव्हाना गावातल्या गाईम्हशींनाही कवळ्या बसल्या असत्या.

शहरात दर वर्षी प्राइडची, म्हणजे आमच्यासारख्यांची, मिरवणूक निघते. दर वर्षी तो जातो आणि नेमका त्या आठवड्यात मी आजारी पडतो. कावीळ सोडली तर मला सगळं होऊन गेलंय. या वर्षी त्याने महिनाभर आधीच फोन केला.

"एक रस्ता," तो म्हणाला. "पोस्टापासून घड्याळाच्या चौकापर्यंत. माझ्या शेजारून, माझा हात धरून, तोंड न लपवता. जमत असेल तर ये. नसेल जमत, तर नंतरही येऊ नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे येऊच नकोस. मी त्रेपन्न वर्षांचा झालो. जिन्यात कोणी भेटलं की तू माझ्या मागे दोन पायऱ्या थांबतोस आणि मीटर बघायला आल्यासारखा भिंतीकडे बघतोस. मला त्याचा कंटाळा आलाय."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मीही चढवला असता, फोन आपटला असता, आणि विषय पुढच्या वर्षावर गेला असता. पण तो शांत होता. मी रात्रभर छताकडे बघत पडलो आणि सकाळी वहिनीला सांगितलं की शहरात दाताच्या सामानाचं मोठं प्रदर्शन आहे, मला बोलावलंय.

वहिनी सरळ बाई आहे. सरळ माणसांशी खोटं बोलणं फार अवघड असतं, कारण ती खरं समजून मदतीला धावतात. "प्रदर्शन म्हणजे तुमचंही काम दाखवाल ना, भाऊजी? मग सामान कुठाय?" असं म्हणून तिने स्वतःच्या हातांनी माझी बॅग भरली: गुलाबी पावडर, लिक्विडची बाटली, मेण, कानशी, बॅटरीवरची छोटी घासणी, दातांची तीन पाकिटं आणि खाण्याचा डबा. एका खोट्याचं वजन साडेचार किलो भरलं. ते मी चार मजले उचलून नेलं.

त्याची खोली एका माणसाला पुरते आणि दोघांना आवडते. खिडकीखाली खाट, भिंतीला फळी, फळीवर जुन्या लिफ्टमधून काढलेली बटणं ओळीने मांडलेली. मिरवणुकीच्या दिवशी सकाळी त्याने दोन शर्टांना इस्त्री केली. मी न्हाणीतून बाहेर आलो तो टोपी, काळा गॉगल आणि कामावरचा मास्क घालूनच.

त्याने इस्त्री उभी ठेवली. "बँक लुटायला चाललास?"

"पोस्टापर्यंतच मास्क. पोस्टापासून काढतो."

"शब्द?"

"शब्द. पण लोक हसतील."

"हसतील त्यांचे दात दिसतील," तो म्हणाला. "तुझा तर धंदाच आहे तो."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर सर्चलाइट होता. खाली उतरताना मला खात्री होती की सगळं शहर आज एका कवळीवाल्याची वाट बघत उभं आहे. ओळखीचं कोणी भेटलंच तर प्रदर्शनाला निघालो म्हणता यावं म्हणून वहिनीची बॅगही खांद्याला लावली होती.

मैदानावर पोचलो आणि पहिला धक्का बसला: माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही. सोनेरी झग्यातला सहा फुटांचा एक इसम रस्ता झाडल्यासारखा झगा ओढत गेला. ढोल होते, शिट्ट्या होत्या. बाबागाडीत जुळी घेऊन दोन तरुण मुली चालल्या होत्या. एका कुत्र्याच्या गळ्यात सात रंगांच्या फिती होत्या आणि त्याच्या तोंडावर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आत्मविश्वास होता. ज्या गर्दीला मी अकरा वर्षं घाबरलो, तिला माझी दखल घ्यायला फुरसत नव्हती. खरं सांगतो, मला थोडा अपमान वाटला.

तो माझ्या शेजारून चालत होता. त्याने हात पुढे केला नव्हता. शब्द पोस्टापासूनचा होता आणि तो शब्दाचा पक्का आहे, हाच तर त्याचा त्रास आहे.

मी माणसं चेहऱ्याने ओळखत नाही, दातांनी ओळखतो. म्हणून गॉगल काढून खिशात ठेवला आणि आपलं नेहमीचं काम सुरू केलं. ढोलवाल्याचा सुळा बाहेर. सोनेरी झग्याच्या दाढेत सोनं, म्हणजे जमून आलंय. असं करत करत माझी नजर वीसेक पावलं पुढे एका हसणाऱ्या तोंडावर गेली आणि माझे पाय जागच्या जागी थिजले.

पुढच्या दोन दातांमधली ती फट माझी होती. म्हणजे मी ठेवलेली.

ही कवळी आमच्या गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची. बाईंनी मला सातवीत शिकवलं. गावात ज्याला कोणाला शुद्ध लिहिता येतं, ते त्यांच्या छडीमुळे. कवळीच्या वेळी त्यांनी दोन अटी घातल्या होत्या. पहिली, मूळ दातांत होती तशीच फट हवी, नाहीतर आरशात परकी बाई दिसते. दुसरी, टाळूवरचं प्लास्टिक इतकं पातळ हवं की 'ळ' स्वच्छ निघाला पाहिजे. मी म्हणालो, बाई, पातळ केलं तर मोडेल. त्या म्हणाल्या, मोडली तर चालेल, पण 'कमळ' म्हणताना मी बोबडं बोलणार नाही. मग त्यांनी माझ्यासमोर बसून कमळ, बाळ, जांभूळ म्हणत राहायचं आणि मी घासत राहायचं. तीन दिवस हे चाललं.

त्यांच्या शेजारून त्यांच्या मावसबहीण चालत होत्या, निवृत्त नर्स. दोघी एकाच घरात राहतात, हे गावाला माहीत होतं. फट मोजायला त्यांनी मला दोघींचा तरुणपणीचा फोटो आणून दिला होता. फोटोत दोघी गालाला गाल लावून हसत होत्या आणि नर्सताईंचा हात बाईंच्या कमरेभोवती होता. मी तो फोटो भिंगाखाली धरून अर्धा तास पाहिला आणि फट मोजली: दीड मिलिमीटर. बाकी काही मला दिसलं नाही. असा मी हुशार.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"बाई," मी म्हणालो. "गावच्या. मागे वळल्या तर संपलो."

"त्याही इथेच चालतायत ना?"

हा मुद्दा बिनतोड होता, आणि भ्यालेल्या माणसाला बिनतोड मुद्दा कळत नाही. मी ढोलवाल्याच्या आड गेलो. ढोलवाला सरकला, मी सरकलो. तो थांबला, मी त्याच्या पाठीवर आपटलो. मास्क डोळ्यांपर्यंत ओढला, टोपी भुवयांपर्यंत. माझ्या मागे आमचे हे, हात पाठीशी बांधून, एखादं न चालणारं यंत्र बघावं तसे मला बघत चालले होते.

पोस्टाची इमारत दिसायला लागली आणि तेवढ्यात बाईंनी शिट्टी फुंकली. कोणीतरी वाटल्या होत्या. बाई कुठलीही गोष्ट अर्धवट करत नाहीत. त्यांनी छातीत हवा भरली, फुंकली, आणि शिट्टीबरोबर वरची कवळीही बाहेर आली. ती रस्त्यावर पडली. मागून येणाऱ्या बुटाखाली काडकन आवाज झाला. तो आवाज मी ढोलातूनही ऐकला.

बाईंनी तोंडावर हात धरला. नर्सताई गुडघे टेकून त्या पायांच्या जंगलातून तुकडे गोळा करायला लागल्या. बाईंचे खांदे पडले, तसे मी त्यांचे कधी पाहिले नव्हते. त्यांनी परत फिरायची खूण केली.

"ती तुझी आहे ना?" तो मला म्हणाला.

मी आता धैर्याने पुढे गेलो असं लिहिता आलं असतं. पण मला माझं काम दिसलं. तीन दिवस घासलेलं, भर रस्त्यात, दोन तुकडे. भीती बाजूला राहिली आणि माझा संताप झाला, बुटावर, शिट्टीवर आणि पातळ करायला लावणाऱ्या बाईंवर. मी गर्दीतून घुसलो आणि नर्सताईंच्या हातातले तुकडे घेतले. "सांगितलं होतं ना, मोडेल म्हणून!"

बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि बिनदाताच्या तोंडाने, पण अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अरे, हा तर आपला कवळीवाला!"

आम्ही पोस्टाच्या पायरीवर बसलो. मी वहिनीने भरलेली बॅग उघडली. तुकडे पाण्याच्या बाटलीने धुतले, मेणाने जोडून धरले, मोडलेल्या जागी कानस फिरवली, पावडरवर लिक्विडचे थेंब सोडले. वास सुटला तसे आसपासचे लोक नाक धरून दूर झाले आणि आम्हाला ऐसपैस जागा मिळाली. आमच्या ह्यांनी न सांगता बाटलीचं झाकण धरलं, मेण पुढे केलं, सावली पडेल असे उभे राहिले. कधी काय लागतं, ते त्याला बरोबर कळतं. मिरवणूक समोरून वाहत गेली. ढोल गेले, कुत्रा गेला, झगाही गेला.

"बाई, तुम्ही मला ओळखलंत कसं?" मी विचारलं. "एवढं सगळं बांधून आलो होतो."

बाईंनी तोंडापुढे रुमाल धरला. "म्हणूनच तर. सातवीनंतर तुझं तोंड बघितलंय कुणी? गावाला तू म्हणजे हा मास्क आणि वर हे दोन घाबरलेले डोळे. मास्क काढून फिरला असतास तर मी शेजारून गेले असते, तरी मला कळलं नसतं."

नर्सताई इतक्या हसल्या की त्यांना पायरीचा आधार घ्यावा लागला. अकरा वर्षं लपण्याचा अभ्यास करून मी शेवटी स्वतःच्या दुकानाची पाटी तोंडावर लावून आलो होतो.

पंधरा मिनिटांनी जोड घट्ट झाला. मी घासून गुळगुळीत केला आणि कवळी बाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी बसवली, जीभ फिरवली, म्हणाल्या, "कमळ." मग मान डोलावली. अशी मान त्यांनी सातवीत माझ्यासाठी कधी डोलावली नव्हती, आणि मी खुशीत आलो.

"आणि हे कोण?" बाईंनी त्याच्याकडे पाहत विचारलं.

सोपा प्रश्न होता. विचारणाऱ्या बाई स्वतः प्राइडच्या मिरवणुकीला आल्या होत्या, आणि ज्यांना घेऊन आल्या होत्या त्या शेजारीच बसल्या होत्या. पोस्ट आमच्या पाठीशी होतं, म्हणजे मी शब्द दिलेला रस्ता तिथूनच सुरू होत होता. आणि मी म्हणालो, "हे होय? हे इथले लिफ्टचे मेकॅनिक. ओळखीचे आहेत."

तोंडातून निघालं तेव्हाच मला कळलं. पण कवळीसारखं ते उचलून परत बसवता येत नाही.

त्याने बाटलीचं झाकण नीट लावलं आणि बॅगेत ठेवलं. "हो," तो बाईंना अदबीने म्हणाला. "कुठे काही अडकलं की बोलावतात मला." मग नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून मिरवणूक गेली त्या दिशेने निघून गेला. मागे वळून पाहिलं नाही.

मी कानस पुसत बसलो. ती स्वच्छच होती.

"पुसून झाली असेल तर ऐक," बाई म्हणाल्या. "मी हिला सव्वीस वर्षं मावसबहीण म्हणत होते. माझं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा आत फक्त सख्ख्या नातेवाइकांना सोडायचे, मावसबहिणीला नाही. ही त्याच हॉस्पिटलात नर्स होती, दुसऱ्या वॉर्डात. रजा रद्द करून हिने त्या वॉर्डात रात्रपाळी लावून घेतली. युनिफॉर्म घालून माझ्या खाटेशी यायची, नाडी बघायची आणि म्हणायची, कसं वाटतंय, पेशंट? बाकीच्यांसमोर दुसरं काय म्हणणार? मी डोळे मिटून पडायचे. मला लाज वाटायची, आणि ती आजाराची नव्हती."

"सहा रात्री," नर्सताई म्हणाल्या. "सातव्या दिवशी हिने डॉक्टरांना सांगितलं की मी हिची खरी कोण आहे. बेशुद्धीत बडबडतेय म्हणून त्यांनी औषध वाढवलं."

मी हसलो आणि हसता हसता रडायला लागलो. मास्क ओला झाला. मला काय वाटत होतं ते सरळ सांगतो: लाज वाटत होती, आणि तो गेला याची भीती. आता गावाची नाही, चौथ्या मजल्यावरच्या बंद दाराची.

"मास्क काढ," बाई म्हणाल्या. "धावताना धाप लागेल. आणि ऊठ. माझ्याकडे काय बघतोस? मी थोडीच तुला सोडून गेलेय!"

मी उठलो आणि धावलो. एकोणपन्नासाव्या वर्षी साडेचार किलोची बॅग घेऊन धावणारा माणूस कसा दिसतो, ते मला दुकानांच्या काचांत दिसत होतं, म्हणून मी तिकडे बघणं बंद केलं. रस्ता मोकळा होत आला होता. कठडे उचलले जात होते, झाडूवाले कागदी फिती गोळा करत होते. गाड्या सुरू झाल्या. चौकात पोचलो तेव्हा ना ढोल होता ना झगा. रोजचं शहर रोजच्या कामाला लागलं होतं.

तो घड्याळाखालच्या बसथांब्यावर रांगेत उभा होता. रांगेत दहा-बारा माणसं, कामावरून परतणारी, पिशव्यांची, कंटाळलेली. यातलं कोणीही मिरवणुकीतलं नव्हतं.

"संपली मिरवणूक," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"दिसतंय."

"उशीर केलास."

"हो," मी म्हणालो. "पोस्टाच्या पायरीवर फार वाईट बोललो मी. तू होतास म्हणून ती कवळी जोडली गेली, आणि मी तुला ओळखीचा म्हणालो."

मी त्याचा हात धरला.

त्याचा हात एकदम ताठ झाला. त्याने रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इथे?" तो पुटपुटला. "आता?" आणि मला कळलं की तोही घाबरतो. अकरा वर्षं मी धरून चाललो होतो की भीती हे खातं माझ्याकडे आहे आणि धीर त्याच्याकडे. तो घाबरूनही दर वर्षी एकटा जात होता, एवढाच आमच्यात फरक होता.

बाकावर एक मध्यमवयीन बाई बसली होती. तिने त्याचा पडलेला चेहरा पाहिला, मग माझ्या हातातला त्याचा हात. "अहो, बरं वाटत नाहीये का त्यांना?" ती कळवळून म्हणाली. "भाऊ ना तुमचे? चेहऱ्यात साम्य आहे."

इतकं तयार, इस्त्री करून घडी घातलेलं खोटं मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. नुसती मान हलवायची होती. त्यात वाईट काय, कोणाचं काय जातं, असे चार-पाच उत्तम विचार माझ्या डोक्यात येऊन गेले. मी त्या कामात तरबेज आहे.

"भाऊ नाही," मी म्हणालो. आवाज फुटला आणि नको इतका मोठा निघाला. "माझा माणूस आहे हा. अकरा वर्षं झाली."

अख्खी रांग वळली. पुढचा गृहस्थ एक पाऊल बाजूला सरकला आणि घड्याळाकडे बघू लागला. कोणीतरी मागे खुदकन हसलं. मी हात धरूनच ठेवला. खरं तर त्यानेच तो आता इतका घट्ट धरला होता की सोडवता आला नसता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो भर रस्त्यात, भर रांगेत, तोंड न लपवता रडत होता.

ती बाई आमच्या हातांकडे बघत राहिली. तिला काय वाटलं कोण जाणे. मग ती बाकावर सरकली. "बसवा त्यांना," ती म्हणाली. "तुम्हीही बसा."

हात न सोडता दोघांनी एकदम बाकावर बसणं दिसतं तितकं सोपं नसतं. आम्ही तिच्या पिशवीवर बसलो. आत टोमॅटो होते.